विषयबदलाचा अर्ज

आठवीच्या शेवटी शाळेने एक छापील कागद घरी पाठवला. त्यावर दोन चौकोन होते. एकापुढे लिहिलं होतं बीजगणित-भूमिती, दुसऱ्यापुढे अंकगणित. पालकांनी एका चौकोनात खूण करायची, खाली सही करायची आणि आठ दिवसांत कागद परत पाठवायचा. पहिल्याला आम्ही हायर म्हणायचो, दुसऱ्याला लोअर. तेव्हा मॅट्रिक अकरावीला होती. नववी, दहावी, अकरावी अशी तीन वर्षं त्या खुणेप्रमाणे जायची आणि मॅट्रिकच्या प्रमाणपत्रावर तीच उतरायची. हायर नसेल तर पुढे सायन्स नाही, डिप्लोमा नाही. हे त्या कागदावर कुठेही छापलेलं नव्हतं. शाळेला माहीत होतं. तिने छापलं नाही, एवढंच.

आम्ही पुनावळ्याचे, शाळा पिंपरीला. घरची थोडी शेती होती, ती आई आणि चुलते बघायचे. वडील पिंपरीला एका कंपनीत लेथवर होते. हेल्पर म्हणून लागले आणि सात वर्षांनी ऑपरेटर झाले. शिक्षण चौथी. त्यांना आम्ही आबा म्हणतो.

गावातल्या बहुतेक पालकांनी मुलांनी सांगितलं तिथे खूण केली, किंवा मुलांनीच करून टाकली. आबांनी तसं केलं नाही. त्यांनी कागद डब्याच्या पिशवीत घालून कंपनीत नेला. आपल्या सुपरवायझरला विचारलं, दोन फिटरांना विचारलं, तपासणी खात्यातल्या एका माणसाला गाठून विचारलं. प्रश्न एकच, कामाला कुठलं गणित लागतं? सगळ्यांनी एकच उत्तर दिलं. दशांश लागतात, शेकडेवारी लागते, प्रमाण लागतं. सुपरवायझर तर हसलाच. "बीजगणित इथं कोण करतंय राव? माझं मीच विसरलो."

मग आबांनी कुणाकडून तरी दोन्ही पुस्तकं मागून आणली आणि रविवारी दुपारी चाळली. एकात दशांश होते, काळ-काम-वेग होतं. दुसऱ्यात क्ष आणि य. त्यांनी अंकगणितावर खूण केली.

"कंपनी सारी दशांशावर चालती," ते मला म्हणाले. "एक आकडा इकडचा तिकडं झाला की लेथवरचा जॉब भंगारात. ह्ये पक्कं शिक, बाकीचं ऱ्हाऊ दे."

मला ते पटलं. अजूनही त्या विचारात मला खोट दिसत नाही. गावात चौकशी करून खूण करणारा हा एकच माणूस होता आणि त्याचीच खूण चुकली.

माझ्या बाकावरच्या मैत्रिणीचे वडील पिंपरी कॅम्पाजवळ ट्रक दुरुस्त करायचे. त्यांनी कागद वाचलासुद्धा नाही. काळ्या हातांनी तो तसाच शाळेत घेऊन आले आणि वर्गशिक्षकांना म्हणाले, "जो सबसे कठीण है वो लिख दो, मास्टर. आसान तो हम घर में सिखा देंगे." मैत्रिणीला हायर मिळालं. हायरला तिच्यासह तीन मुली होत्या. बाकी साऱ्या मुली लोअरला. हेडमास्तर पालकांच्या सभेत सांगायचे की मुलींना लोअर बरं, झेपतं, आणि निकाल चांगला लागतो. निकाल म्हणजे शाळेचा. तो दरवर्षी दारावरच्या फळ्यावर रंगवून लावायचे.

नववीत रोज तिसऱ्या तासाची घंटा झाली की वर्ग फुटायचा. हायरवाले जागेवर. लोअरवाल्यांनी दप्तरं उचलायची आणि मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये जायचं. तिथे कवायतीचे सर अंकगणित घ्यायचे. त्यांना मैदानावर काम असलं की मुलींना शिवण दिलं जायचं, नाहीतर पाण्याची टाकी घासायला सांगायचे. मी दोन महिने हे केलं. तक्रार केली नाही. तक्रार करण्यासारखं काही आहे हेच मला ठाऊक नव्हतं.

श्रावणात एके दिवशी आबा पहिली शिफ्ट करून आले आणि सायकल न लावता तशीच हातात धरून मला हाक मारली. खिशातून पॉलिश पेपरचा तुकडा काढला. त्याच्या पाठीवर त्यांनी कंपनीच्या बोर्डावरची नोटीस उतरवून आणली होती.

"वाच मोठ्यानं."

मी वाचलं. तपासणी खात्यात शिकाऊ मुली घेणार. इथून पुढे दरवर्षी घेणार. पात्रता, बीजगणित-भूमिती व विज्ञान घेऊन मॅट्रिक. विज्ञान सगळ्यांनाच होतं.

"म्हंजी त्ये दुसरं ना? आपुन सोडलं त्ये?"

"व्हय आबा."

सायकल भिंतीला टेकवून ते ओट्यावर बसले. म्हणाले, "मला समद्यांनी तसं कसं सांगितलं?"

"तुम्ही काय विचारलं?"

"कामाला कोंचं लागतं."

"मग त्यांनी बरोबर सांगितलं."

ते उठले. जेवले आणि शेताकडे गेले. मला मात्र राग आला होता. कुणाचा, ते ठरत नव्हतं. सुपरवायझर खोटं बोलला नव्हता. आबा चुकीचं बोलले नव्हते. कंपनीने नोटीस उघड लावली होती. प्रत्येक जण आपापल्या जागी बरोबर होता आणि मी शेडमध्ये टाकी घासत होते.

दुसऱ्या दिवशी तिसऱ्या तासाची घंटा झाली, लोअरवाले उठले. मी उठले नाही.

हायरचं गणित शिकवणारे सर किरकोळ अंगाचे, आवाजाने मात्र मोठे. खडू बोटांना लागू नये म्हणून कागदात गुंडाळून धरायचे. ते आत आले, त्यांनी मला पाहिलं.

"काय गं, घंटा ऐकू नाही आली?"

"आली सर."

"लोअरवाली ना तू?"

"हो."

"मग इथं कशाला थांबलीस? पंख्याचा वारा खायला?"

वर्ग हसला. शाळेत पंखा नव्हता.

"मला हे शिकायचंय."

"अस्सं! मला वाटलं, सगळे शाळेत डबा खायला येतात." एवढं बोलून ते फळ्याकडे वळले. दुसऱ्या दिवशीही त्यांनी मला विचारलं. तिसऱ्या दिवशी विचारलं नाही. चौथ्या दिवशी माझ्यासारख्याच आणखी दोघी बसून राहिल्या. त्यांना मी काही सांगितलं नव्हतं.

पंधरा दिवसांनी हेडमास्तर फेरीवर आले आणि त्यांनी डोकी मोजली. आबांना बोलावणं गेलं. ते शिफ्ट संपवून कंपनीच्या खाकी कपड्यांतच आले. त्यांना कुणी बसा म्हटलं नाही. मी दाराशी उभी होते.

हेडमास्तर शांत माणूस होते. आवाज चढवायचे नाहीत. म्हणाले, "तुम्ही स्वतः खूण केलीय. ही तुमची सही. आता मुलगी वर्गातून उठत नाही, हे काय?"

"साहेब, तिला त्ये दुसरं पायजे."

"का?"

"कंपनीत मागत्यात."

"तुम्ही कंपनीत आहात ना? लेथवर? मग मला सांगा, लेथवर बीजगणित लागतं?"

"न्हाई लागत, साहेब."

"मग?"

"लेथवर न्हाई लागत. गेटावर लागतं."

हेडमास्तरांनी चष्मा काढून पुसला. मग निकालाचं बोलले. ही मुलगी अकरावीला हायरमध्ये नापास झाली तर शाळेचा टक्का खाली येतो, लोअरला राहिली तर सहज पास होते, तिच्याच भल्याचं आहे. आबा खाली मान घालून ऐकत होते. शेवटी म्हणाले, "येक डाव परीक्षा घ्या. जमलं न्हाई तर मी सोता तिला शेडात बशीवतो."

असं ठरलं. सहामाहीला हायरचा पेपर द्यायचा. पास झाले तर विषय बदलून मिळेल, नाहीतर शेड. बाकीच्या दोघींच्या घरून मात्र कुणी आलं नाही. त्या परत गेल्या.

बीजगणित मला जड गेलं नाही. भूमितीत आबांनी स्वतः लक्ष घातलं. भूमिती ते शिकलेले नव्हते, पण रेघ मारणं हे त्यांचं काम होतं. त्यांनी पोलादी पट्टी आणली, चांगलं कोनमापक आणलं आणि पेन्सिलीला टोक कसं काढायचं इथपासून सुरुवात केली. "रेघंला जाडी असती," ते सांगायचे. "मापताना जाडीच्या कोंच्या कडंनं मापतीस त्ये आधी ठरीव." आम्ही त्रिकोणावर त्रिकोण काढले. तीन कोनांची बेरीज दर वेळी एकशे ऐंशी आली. एकदा एकशे एक्याऐंशी आली तेव्हा त्यांनी पेन्सिल बदलायला लावली आणि पुन्हा एकशे ऐंशी आली. दोन महिन्यांत माझ्यासारखी आकृती वर्गात कुणाची निघत नव्हती. फळ्यावर सर बाजू, कोन, बाजू, म्हणून एकरूप, असं लिहायचे, ते मला कोनमापक जवळ नसलेल्या माणसाचं बोलणं वाटायचं. आपल्याकडे माप आहे, मग बोलायचं कशाला?

सहामाहीच्या पेपरात आलं, समद्विभुज त्रिकोणाचे पायालगतचे कोन समान असतात हे सिद्ध करा. मी सहा-सहा सेंटिमीटरच्या बाजू घेतल्या, झकास त्रिकोण काढला आणि खाली लिहिलं, 'दोन्ही कोन मापून पाहिले. दोन्ही पासष्ट अंश भरले. म्हणून समान.' असे तीन प्रश्न मी सोडवले. तिन्हींना शून्य. बीजगणितातले गुण धरूनही पेपर गेला.

आबांनी उत्तरपत्रिका घरी मागवली. कोनमापक लावून तिन्ही आकृत्या तपासल्या. मग रविवारी मला सायकलच्या कॅरियरवर बसवून चिंचवडला सरांच्या खोलीवर घेऊन गेले. सर बनियनवर तांदूळ निवडत बसले होते.

"सर, माप चुकलंय का पोरीचं?"

"नाही. माप अगदी बरोबर आहे."

"मंग शून्य?"

"शून्यच."

"आमच्याकडं असं केलं तर युनियन उभी ऱ्हाईल, सर."

सर हसले, ताट बाजूला सारलं. "हे बघा, तिने एक त्रिकोण मापला. प्रश्न एका त्रिकोणाचा नव्हता. जगात जेवढे असे त्रिकोण निघतील त्या सगळ्यांचा होता."

आबांनी उत्तरपत्रिका पुन्हा उघडली. "म्हंजी हिनं सॅम्पल पास केला. समदा लॉट न्हाई."

"असंच. अगदी असंच."

"पर समदा लॉट मापणार कसा? त्यो तर संपायचा न्हाई."

"मापायचाच नाही. न मापता पास करायचा. त्यालाच सिद्ध करणं म्हणतात."

"आन् त्ये जमतं?"

"दोन हजार वर्षं जमतंय."

मी दोन महिने त्या वर्गात बसले होते. मला जे कळलं नाही ते लेथवरच्या माणसाला तांदळाच्या ताटापाशी दोन मिनिटांत कळलं. याच माणसाला शाळेने बसा म्हटलं नव्हतं.

अट पुरी झाली नव्हती. हेडमास्तरांनी मला शेडमध्ये पाठवलं. आबांनी शब्द दिला होता, त्यामुळे घरून काही बोलायची सोय नव्हती. तीन आठवडे मी शेडमध्ये काढले. मग सरांनी काय केलं ते मला पूर्ण माहीत नाही. एवढंच कळलं की ते हेडमास्तरांना म्हणाले, सहामाही ही अर्धीच परीक्षा, वार्षिकला पुन्हा बघा, आणि तोवर माझ्या तासाला मागच्या बाकावर कोण बसतं ते माझं मी बघेन. हेडमास्तर म्हणाले म्हणे, "वार्षिक शेवटची. त्यानंतर माझ्याकडे यायचं नाही."

हिवाळाभर मैत्रिणीने माझ्याकडून प्रमेयं करून घेतली. शाळा सुटल्यावर आम्ही तिच्या वडिलांच्या गॅरेजमागे टायरांच्या ढिगावर बसायचो. तिथे तिने माझी पट्टी आणि कोनमापक काढून घेतलं आणि स्वतःच्या दप्तरात टाकलं.

"चल, हे दोन कोन सारखे. का?"

"दिसतंय की."

"दिसतंय म्हणे! ए मापणारीण, कारण दे, कारण. मेरे को आँख नहीं है समज."

"बाजू सारख्या म्हणून."

"कुठल्या बाजू? नाव घे. का सारख्या? कुणी सांगितलं? दिलेलंय का तू घरून आणलंस?"

आकृती हाताने काढायची, मुद्दाम वाकडी. वाकडी असली की डोळ्यावर विसंबता येत नाही, हा तिचा शोध. तिचे वडील गाडीखालून ओरडायचे, "अरे किती भांडता! त्रिकोणच आहे तो, तलाक नाही." आम्ही थांबायचो नाही. फेब्रुवारीत कधीतरी मला ते यायला लागलं. एखादी गोष्ट खरी आहे हे ठाऊक असणं निराळं आणि ती का खरी आहे ते पायरीपायरीने समोरच्याला मान्य करायला लावणं निराळं, हे मी टायरांवर शिकले. पुढे युनियनच्या सभांमधून आणि पत्रकांमधून माझा जो काही उपयोग झाला तो या शिकण्यामुळे. शेडमध्ये हे शिकवत नव्हते.

वार्षिकला मला शंभरांपैकी एकेचाळीस गुण पडले. पासाला पस्तीस लागायचे.

जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा आबांनी एक शिफ्ट बदलून घेतली आणि आम्ही हेडमास्तरांकडे गेलो. त्यांनी शब्द पाळला. कपाटातून विषयबदलाचा अर्ज काढला आणि स्वतःच्या हाताने भरायला घेतला. मुलीचं नाव, इयत्ता, जुना विषय, नवा विषय. मग एक रकाना होता, बदलाचे कारण. त्यांनी पेन क्षणभर वर धरलं आणि लिहिलं, 'पालकाच्या चुकीमुळे अयोग्य विषय निवडला गेला.' कागद फिरवून आबांपुढे ठेवला.

मी उलटा असतानाच वाचला होता. म्हणाले, "सर, ही चूक आबांची नाही. कुठल्या विषयाने पुढे काय बंद होतं ते शाळेने कागदावर लिहिलं नव्हतं."

"तू बाहेर थांब."

"तेवढं खरं आहे की नाही, सांगा."

हेडमास्तर माझ्याशी नाही, आबांशी बोलले. "हे बघा, हा कागद वर ऑफिसला जातो. शाळेची चूक लिहिली की चौकशी लागते, मग अर्ज वर्षभर तिथेच पडतो. पालकाची चूक असली की कुणी काही विचारत नाही. आठवड्यात मंजूर होऊन येतो. तुम्हाला कसं पाहिजे ते सांगा."

"आबा, सही करू नका," मी म्हणाले.

"गप गं."

"अंगठा चालेल," हेडमास्तर म्हणाले आणि शाईचा पॅड पुढे सरकवला. मला वाटतं, त्यांनी ते चांगल्या मनाने केलं असावं.

"सही येती मला." आबांनी तो रकाना पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला, ओठ हलवत. पालकाच्या चुकीमुळे. मग खाली आपलं पूर्ण नाव लिहिलं, प्रत्येक अक्षर वेगळं, घाई न करता. पेन परत देताना विचारलं, "आता तिला उठवणार न्हाई ना कोन?"

"नाही."

"बरं."

परत येताना मी कॅरियरवर बसून वाटभर बोलत होते. म्हणाले, खोटं लिहून घेतलं. म्हणाले, तुम्ही गावात सगळ्यांत जास्त चौकशी केली आणि तुमचंच नाव चुकीखाली गेलं. म्हणाले, सबंध वर्गातल्या मुली शेडमध्ये आहेत, त्या सगळ्यांचे आईबाप चुकले का? ते पायडल मारत राहिले. चढ आला तेव्हा उतरले, सायकल ढकलू लागले, मीही उतरले.

"तुला विषय मिळाला का?" त्यांनी विचारलं.

"मिळाला."

"मंग माझं नाव कुठं का पडंना."

"पण ते खोटं आहे, आबा."

"खोटं कसं? खूण म्याच केली हुती."

यावर आमचं तेव्हा जमलं नाही आणि आजही जमत नाही. अकरावीला मी बीजगणित-भूमितीत पास झाले. गुण सांगण्यासारखे नव्हते, पण प्रमाणपत्रावर विषय होता. तपासणी खात्यात घेतलं. पुढे मॅट्रिक दहावीला आली, सगळ्यांना एकच गणित झालं आणि धाकट्या बहिणीच्या वेळी घरी कागद आलाच नाही. त्या शेडमधल्या माझ्या वर्गातल्या मुलींना याचा काही उपयोग नव्हता. त्यांची प्रमाणपत्रं छापून झाली होती. त्यांतल्या दोघी मला कंपनीच्या गेटावर भेटतात. कँटीनच्या ठेकेदाराकडे आहेत.

हे लिहायला घेतलं तेव्हा आबांना सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, "लिव. पर त्या हेडमास्तराचं नाव घालू नगंस. त्यानं शब्द पाळला."

"आणि तुमचं लिहून घेतलं ते?"

"त्ये बी लिव."

दोन्ही लिहिलं. नाव घातलेलं नाही.